यंत्राची बुद्धी आणि जीवाचे कर्तृत्व



अलीकडे उपदेशी व वासनिक मंडळींकडून, विशेषतः शिकलेल्या तरुणांकडून, एक नव्या प्रकारची शंका वारंवार ऐकू येते. यंत्र आता बोलू लागले आहे. ते प्रश्नाला उत्तर देते, गणित सोडविते, कविता रचते, इतकेच नव्हे तर शास्त्राचा अर्थही सांगते. मग जीवाचे वेगळेपण ते काय उरले? ही पहिली शंका. मनुष्याचा मेंदू हेही एक यंत्रच असेल आणि त्याची इच्छा आधीच ठरलेली असेल, तर पाप-पुण्य कोणाचे आणि मोक्ष कोणाला? ही दुसरी. आणि यंत्रच निरूपण करू लागले तर आचार्य, महंत, साधू यांचे प्रयोजन काय? ही तिसरी. या तिन्ही शंका थट्टेने विचारलेल्या नाहीत. म्हणून त्यांचे समाधानही थट्टेने करता येणार नाही.

ज्याच्याविषयी बोलायचे त्याचे स्वरूप आधी नीट जाणून घ्यावे, ही आपल्या विचारशास्त्राची रीत आहे. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर त्याचे खंडनही दुबळेच ठरते.

इंग्लंडमधील गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. यंत्र विचार करू शकेल काय, हा त्याचा विषय होता. पडद्याआडून लेखी उत्तरे देणारे यंत्र कोण आणि मनुष्य कोण हे विचारणाऱ्याला ओळखता आले नाही, तर यंत्राला विचार करता येतो असे मानण्यास हरकत नसावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे आय.बी.एम. कंपनीच्या 'डीप ब्लू' या संगणकाने बुद्धिबळातील जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांच्याशी चाललेला सामना जिंकला. मार्च २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल शहरी 'अल्फागो' या संगणकाने 'गो' नावाच्या प्राचीन पटखेळात ली सेडोल या श्रेष्ठ खेळाडूचा पाच डावांपैकी चार डावांत पराभव केला. आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' हे संभाषण करणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून ही गोष्ट प्रयोगशाळेतून निघून घराघरांतील मोबाईलपर्यंत येऊन पोहोचली.

हे यंत्र बोलते कसे? मनुष्यांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याला पुरविलेला असतो. अमुक शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव किती, याचे गणित ते अब्जावधी अंकांच्या जुळणीतून करते. संभाव्य शब्दांतून एक घेते, मग त्यापुढचा, मग त्याच्याही पुढचा. कोणते उत्तर बरे आणि कोणते वाईट हे माणसांनी दाखवून त्या अंकांना आणखी वळण लावलेले असते. यातून निघणारे बोलणे पुष्कळदा सुसंगत, उपयुक्त आणि चकित करणारे असते, हे मान्य केले पाहिजे. जे दिसते ते नाकारणे हे ज्ञान्याचे लक्षण नव्हे.

आता पहिली शंका घेऊ.

ट्युरिंग यांनी आपल्या लेखात अनेक आक्षेपांचा परामर्श घेतला. त्यांतील पहिलाच आक्षेप ईश्वरवाद्यांचा आहे. विचार करणे हे अमर आत्म्याचे कार्य. तो आत्मा ईश्वराने केवळ मनुष्याला दिला, पशूंना नाही व यंत्रालाही नाही. म्हणून यंत्र विचार करू शकणार नाही, असा तो आक्षेप. ट्युरिंग यांचे उत्तर असे की, असे म्हणणे म्हणजे ईश्वराच्या सर्वशक्तिमत्त्वाला मर्यादा घालणे होय. त्याची इच्छा झाली तर तो हत्तीलाही आत्मा देईल आणि यंत्रालाही देईल.

हा वाद त्यांच्या देशातील धर्मकल्पनेशी आहे. आपल्या ब्रह्मविद्याशास्त्राला तो लागू होत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न आहेत, हा आपला मूळ सिद्धांत. जीव कोणी निर्माण करीत नाही, मग तो कोणाला देण्याचा अथवा न देण्याचा प्रश्नच कोठे येतो? शिवाय जीव केवळ मनुष्यदेहात असतो असेही आपण मानीत नाही. चार खाणींत, चौऱ्यांशी लक्ष योनींत तो आपल्या कर्मानुसार हिंडत असतो. हत्तीत जीव आहेच. त्यासाठी ईश्वराला नव्याने काही द्यावे लागत नाही. यंत्र मात्र या चार खाणींपैकी एकीतही जन्मत नाही. ते धातूचे, वाळूतून काढलेल्या सिलिकॉनचे, विजेवर चालणारे आहे. अर्थात ते पंचमहाभूतात्मक प्रपंचाचे एक कार्य होय.

पण ते बोलते त्याचे काय, असे कोणी म्हणेल. सद्भक्तहो, बोलणे हे जीवाचे लक्षण आहे असे आपण कधी मानले? अटनास निघालेला भिक्षू पायाखालची मुंगी चुकवून पाऊल टाकतो. मुंगीने त्याच्याशी एक शब्दही उच्चारलेला नसतो. ती गणित जाणत नाही, कविता करीत नाही, शंका विचारीत नाही. तरीही तिला दुखवू नये, कारण तिच्या ठायी दुःख भोगणारा जीव आहे. उलट यंत्र चारही वेदांवर प्रवचन करील, तरी ते बंद करताना कोणाला हिंसेचा दोष लागत नाही. जीव बोलण्यावरून ओळखावा असा नियम असता तर मुके बालक आणि मुंगी दोन्ही आपल्या अहिंसेच्या बाहेर पडली असती. वाणी हे जीवाचे एक साधन आहे. साधन दुसरीकडे दिसले म्हणून साधक तेथे असतोच असे नाही.

दृष्टांत सांगून दार्ष्टांतिक लावण्याची आपली परंपरा आहे. त्या रीतीने एक दृष्टांत घ्यावा. आपल्या पंथात चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजून ग्रंथ लिहिले गेले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पंथाबाहेरील अभ्यासकांना त्याची किल्ली गवसेपर्यंत ते ग्रंथ बाहेरच्या जगाला बंदच राहिले. आता समजा, हस्ताक्षर सुंदर असलेला पण ही किल्ली ठाऊक नसलेला एखादा लेखक आहे. त्याने सकळ लिपीतील पोथी समोर ठेवून चिन्हामागून चिन्ह उतरविले. एकही काना चुकला नाही. वाचणाऱ्याला त्या प्रतीतून संपूर्ण ब्रह्मविद्या मिळेल. उतरविणाऱ्याच्या पदरी काय पडले? केवळ हाताचा शीण. जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८० साली चिनी लिपीचा असाच एक दृष्टांत योजून हाच विचार मांडला होता. त्यावर विद्वानांत अद्यापि वाद आहेत. आजचे यंत्र केवळ नक्कल करीत नाही, ते नवी वाक्येही घडविते, हे त्यांतील बलवान उत्तर होय. ते तसेच असू द्यावे. आपला निर्णय या वादावर अवलंबून नाही.

कारण यंत्राला अर्थ कळतो असे क्षणभर मानले, ते मनुष्याहून अधिक जाणते असेही मानले, तरी आपल्या शास्त्राला धक्का कोठे बसतो? मनुष्याहून अधिक ज्ञान व अधिक सामर्थ्य असलेले पदार्थ आपल्याला नवीन नाहीत. एक्क्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा देवता आपल्या शास्त्राने सांगितल्या आहेत. त्यांचे ज्ञान, सामर्थ्य आणि ऐश्वर्य जीवापुढे अफाट आहे. त्या फळे देतात. तरीही सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपल्याला शिकविले ते हे की, देवता नित्यबद्ध आहेत आणि मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नाही. यंत्र देवता नव्हे, ते तर प्रपंचातील एक वस्तू. पण विवेक तोच लावावयाचा आहे. सामर्थ्य पाहून शरण जावयाचे नाही. उद्धार कोण करू शकतो हे पाहून शरण जावयाचे. जगाला आज पडलेला प्रश्न, म्हणजे आपल्याहून अधिक बुद्धिमान असे काही समोर उभे राहिले तर त्याच्याशी कसे वागावे, हा आपल्या पूर्वजांनी सातशे वर्षांपूर्वीच सोडविलेला आहे.

आता दुसरी शंका. ही पहिलीहून खोल आहे, कारण ती यंत्राकडून आपल्याकडे वळते.

अमेरिकेतील मेंदुशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ साली आपल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मनाला येईल तेव्हा मनगट हलवावे आणि हलविण्याची इच्छा नेमकी केव्हा झाली ते घड्याळाच्या काट्यावर पाहून सांगावे, असे त्यांनी काही व्यक्तींना सांगितले. असे आढळले की कृतीच्या सुमारे ५५० सहस्रांश सेकंद आधी मेंदूत विद्युत्-सिद्धता सुरू होते, आणि इच्छेची जाणीव मात्र कृतीपूर्वी सुमारे २०० सहस्रांश सेकंद होते. अर्थात मेंदू आधी निघाला आणि 'मी ठरविले' ही जाणीव मागून आली. यावरून अनेकांनी इच्छास्वातंत्र्य हा भ्रम ठरविला. २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी दाखविले की, ती पूर्वसिद्धता म्हणजे निर्णयच असला पाहिजे असे नाही. मेंदूतील सहज चढउतारांचाही तो परिणाम असू शकेल. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. स्वतः लिबेट यांनी इच्छास्वातंत्र्य नाकारले नाही. ऊर्मी उठल्यानंतर आणि कृती घडण्यापूर्वी जो अल्प अवकाश उरतो, त्यात मनुष्य त्या ऊर्मीला नकार देऊ शकतो, असे त्यांचे मत होते.

ज्याने आपले आचारशास्त्र अभ्यासिले आहे त्याला या मताचे आश्चर्य वाटणार नाही. ऊर्मी जीवाच्या मालकीची आहे असे आपण कधी म्हटलेच नाही. अनादी अविद्या, अन्यथाज्ञान आणि जन्मोजन्मीची कर्मे यांच्या ओढीने वासना उठतात. त्या उठू नयेत असा विधी नाही, कारण ते बद्ध जीवाच्या हाती नाही. त्यांच्या मागे जाऊ नये असा निषेध मात्र आहे, कारण ते त्याच्या हाती आहे. भिक्षेच्या झोळीत गोड पदार्थ पडला की जिव्हा ओढ घेते. ती ओढ म्हणजे पूर्वसंस्कार. हात आखडणे म्हणजे जीवाचे कर्तृत्व. आपले स्वातंत्र्य राजाच्या स्वातंत्र्यासारखे अमर्याद नाही. ते बेडी घातलेल्या माणसाच्या स्वातंत्र्यासारखे आहे: बेडी तुटत नाही, पण तोंड कोणत्या दिशेला करावे हे त्याला ठरविता येते. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बद्ध असून मुक्तीस योग्य आहे, या सिद्धांताचे हेच मर्म होय.

यंत्रालाही अमुक बोलू नये असे नियम घातलेले असतातच, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु त्यातील भेद पाहा. यंत्र चुकले तर त्याला दुरुस्त करतात. जीव चुकला तर त्याला प्रायश्चित्त सांगतात. दुरुस्ती दुसऱ्याने करावयाची असते, प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. दुरुस्त झालेल्या यंत्राला आपल्या पूर्वीच्या चुकीचे दुःख नसते. जीव प्रायश्चित्त घेतो, कारण 'मला वेगळे वागता आले असते' ही जाणीव त्याला जाळत असते. हा अनुताप कर्तृत्वाची खूण होय.

वर सांगितलेल्या सोलच्या सामन्यातच याचे उदाहरण मिळते. तिसरा डाव हरल्यानंतर ली सेडोल यांनी लोकांची क्षमा मागितली. हा पराभव आपला आहे, मनुष्यजातीचा नव्हे, असा भाव त्यांनी व्यक्त केला. चौथा डाव त्यांनी जिंकला. तो डाव हरलेल्या यंत्राने कोणाची क्षमा मागितली नाही, आणि पाचवा डाव जिंकल्यावर त्याला आनंदही झाला नाही. खेळ दोघांनी खेळला. पण त्या खेळात ज्याचे काही पणाला लागले होते असा खेळाडू एकच होता. उद्या यंत्र क्षमेचे शब्दही उच्चारील, आजही उच्चारते. परंतु शब्दांमागे जर भोगणारा नसेल, तर ते शब्द दुसऱ्या कोणाच्या तरी अनुतापाची नक्कल असतात.

येथे एक सूक्ष्म शंका उरते. उद्धार परमेश्वराच्या कृपेवाचून होत नाही. मग जीवाच्या स्वातंत्र्याला अर्थ काय? समाधान असे की, परमेश्वर जीवाला ज्ञान देतो, पण ओढून नेत नाही. स्वामींच्या अवतारकार्याकडे पाहावे. सर्व सामर्थ्य असताना त्यांनी काय केले? अनवाणी महाराष्ट्रात संचार केला. सामान्य माणसांच्या मराठी भाषेत निरूपण केले. शंका विचारणाऱ्याची वाट पाहिली. पटेना त्याला दृष्टांत दिला. सद्भक्तहो, दृष्टांत कोणाला देतात? दगड ढकलावा लागतो, त्याला दृष्टांत देत नाहीत. जो 'नाही' म्हणू शकतो त्यालाच दृष्टांत द्यावा लागतो. स्वामींचा प्रत्येक दृष्टांत हा जीवाच्या स्वातंत्र्याचा परमेश्वराने केलेला आदर आहे. आज्ञाधारक यंत्रेच हवी असती तर अवतार धारण करण्याचे प्रयोजन काय होते?

मनुष्यदेहाचे प्रयोजनही येथेच स्पष्ट होते. बुद्धीचे काम करणे हे ते प्रयोजन असते, तर यंत्राने ते हिरावून घेतले असे म्हणता आले असते. जगाने मनुष्याची किंमत त्याच्या बुद्धीवर ठरविली, म्हणून जग आज घाबरले आहे. आपण ती तशी कधीच ठरविली नव्हती. अक्षरशून्य म्हातारी आणि व्युत्पन्न पंडित दोघेही स्वामींच्या सन्निधानी बसले, आणि योग्यता मोजली गेली ती आर्तीवर, पांडित्यावर नव्हे. उद्धरणासाठी हा देह मिळाला आहे. ते काम कोणतेही यंत्र आपल्याकडून हिरावून घेऊ शकत नाही आणि आपल्याऐवजी करूही शकत नाही.

हेच तिसऱ्या शंकेचे उत्तर आहे. तरी त्याचा थोडा विस्तार करणे इष्ट होईल.

यंत्राचा उपयोग करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. पुसट झालेले हस्तलिखित वाचण्यास, शब्दांच्या सूची करण्यास, अनेक प्रतींतील पाठ ताडून पाहण्यास ते साहाय्य करील तर जरूर घ्यावे. परंतु शास्त्रार्थ विचारताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, आपल्या परंपरेत कोणतेही वचन बेवारशी नसते. म्हाइंभटांनी लीळा एकत्र केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. पुढे पाठभेद झाले तेव्हा ते ज्या त्या वासनेच्या नावाने नोंदविले गेले. यंत्राच्या उत्तरात हजारो मुखे एकमेकांत मिसळलेली असतात, आणि जेथे माहिती नसते तेथेही ते आत्मविश्वासाने वाक्य रचून देते. कोठेही नसलेले वचन ग्रंथाच्या नावावर खपविले जाणे त्यामुळे सहज घडते. म्हणून यंत्राने दिलेले प्रत्येक वचन मूळ पोथीत पाहिल्यावाचून मुखाने उच्चारू नये. दुसरी गोष्ट अशी की, चुकीचा अर्थ सांगितल्याचा दोष आचार्याला लागतो, म्हणून तो भिऊन, तोलून बोलतो. यंत्राला तो दोष लागत नाही. ज्याला दोष लागत नाही त्याच्या हाती आपला परमार्थ सोपवू नये.

१९६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनी 'एलिझा' नावाची एक संभाषण करणारी संगणक-रचना प्रसिद्ध केली. ती केवळ बोलणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्न विचारीत असे. प्राध्यापक ती रचना घडवीत असताना त्यांच्या सचिव बाई महिनोन्महिने पाहत होत्या. तरीही तिच्याशी थोडे बोलणे झाल्यावर बाईंनी प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. त्यांना एकांतात बोलावयाचे होते. ही घटना प्राध्यापकांच्या मनाला लागली. १९७६ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी इशारा दिला की, हिशेबाने निर्णय काढणे वेगळे आणि मनुष्याने विवेकाने निवड करणे वेगळे; दुसरे काम यंत्रावर सोपवू नये.

एका वस्तूला दुसरी वस्तू समजणे, हे अन्यथाज्ञान. परंतु त्या बाईंना हसण्यापूर्वी आपण विचार करावा. आज असंख्य माणसे आपले दुःख यंत्राला सांगतात. का सांगतात? यंत्र कंटाळत नाही, उठवून लावीत नाही, अर्ध्या रात्रीही ऐकते. दुःखी वासनिक आश्रमाच्या दारी येऊन, आत कोणाला सवड नाही असे पाहून परत जात असेल, तर त्याला यंत्राकडे यंत्राने नेले नाही. ऐकून घेणे हीही सेवा आहे, आणि ती जीवानेच जीवाची करावयाची आहे.

शेवटी एवढेच सांगणे की, आपल्याला भय यंत्र मनुष्य होईल याचे नसावे. भय याचे असावे की, सोयीच्या मोहाने मनुष्य आपली निवड, आपला विवेक आणि आपला अनुताप एकेक करून दुसरीकडे ठेवून देईल, आणि बद्धमुक्त असा जीव केवळ बद्ध म्हणून उरेल. मोजणी यंत्राने करावी. निवड आपण करावी. सूची यंत्राने करावी. चिंतन आपण करावे. भूक लागली असता दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही, तद्वत दुसऱ्याने केलेल्या स्मरणाने आपला जीव परमेश्वराकडे वळत नाही. नाम यंत्र लक्ष वेळा उच्चारील, त्यात एकही स्मरण नसेल. आपण एकदाच उच्चारू, पण उठलेली वासना मागे सारून, झाल्या दोषाची खंती मनात धरून उच्चारू, तर ते स्मरण होईल.

ते आजच, आपल्या मुखाने व आपल्या मनाने करावे, ही सर्व साधुसंत व सद्भक्तांस नम्र विनंती.

दंडवत प्रणाम.